थंडीतले डास कुंडीत सापडत नाहीत

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या घरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. माळ्यावरच्या रजया खाली येतात आणि पंखा बंद होतो. त्याच रात्री कानाशी पहिली गुणगुण सुरू होते.

आमची सोसायटी पुण्यात, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. सोसायटीच्या कमिटीत सात-आठ वर्षं काढली, त्यातली पहिली तीन वर्षं मी थंडीतल्या डासांवर पावसाळ्यातले उपाय करत होतो. कुंड्यांखालच्या ताटल्या उपडी केल्या, गच्चीवरचे टायर हलवले, फ्रिजमागचा ट्रे पुसला. डास तसेच. मग एका जानेवारीत आमचा प्लंबर गच्चीवरच्या पाइपकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, तुमचे डास तिथनं येतात. संध्याकाळी उभं राहून बघा.” सहा वाजता जाऊन उभा राहिलो. मैल्याच्या पाइपच्या उघड्या तोंडातून डास एकामागून एक, शाळा सुटल्यासारखे बाहेर पडत होते. त्या दिवसानंतर जे शिकलो, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

आधी डास ओळखा

ही पायरी टाळू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे. रॅकेटने मारलेला एखादा धड डास पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा.

काळा रंग आणि पायांवर ठळक पांढरे पट्टे असतील तर तो एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा हाच. दिवसा चावतो, आवाज फारसा करत नाही, घोट्याजवळ गुपचूप काम उरकतो. त्याला साधारण स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं आणि तो जन्मलेल्या जागेपासून फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटर म्हणजे पुष्कळ झालं. एडिस सापडला तर गुन्हेगार तुमच्या किंवा शेजाऱ्याच्याच घरात आहे.

मातकट तपकिरी, पट्टे नसलेला, भिंतीला समांतर बसणारा आणि रात्री कानाशी गाणारा तो क्युलेक्स. थंडीत शहरात जो पकडाल तो बहुतेक वेळा हाच निघतो. याची आवड उलटी. घाण पाणी जितकं साचलेलं, तितकं याला बरं. मैला टाकी, सांडपाण्याचे चेंबर, तुंबलेली गटारं, जलपर्णीने झाकलेली नदी ही याची घरं. हा एक-दोन किलोमीटर सहज उडून येतो, म्हणून तुमच्या घरात पाण्याचा थेंब साचलेला नसतानाही डास असू शकतात.

तिसरा ॲनॉफेलिस, मलेरियावाला. बसतो तेव्हा मागचा भाग तिरका वर उचललेला असतो. शहरात याचा एक प्रकार गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांना मलेरियाचा परजीवी ज्या डासाच्या पोटात दिसला, तो याच जातकुळीतला. म्हणून 20 ऑगस्टला जागतिक डास दिन पाळतात. दिवस पावसाळ्यात येतो, त्यामुळे भित्तिपत्रकंही कुंड्या आणि टायरचीच लागतात.

थंडीत ते का वाढतात?

पावसाळ्यात गटारं वाहती असतात. जोराची सर आली की क्युलेक्सच्या अळ्या धुऊन जातात. पाऊस थांबला की प्रवाह मंदावतो, पाणी घट्ट आणि काळं होतं, अळ्यांना खायला भरपूर मिळतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो आणि उघड्यावरचा डास मलूल होतो, पण मैला टाकीच्या आत आणि आपल्या बेडरूममध्ये तेवढी थंडी कुठे पोचते? उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, थंडीत तेच दोन-अडीच आठवड्यांवर जातं. मात्र मोठा झालेला डास गारव्यात जास्त दिवस जगतो. मग फेब्रुवारीत दिवस तापू लागले की साचलेली सगळी फौज एकदम बाहेर पडते. 2024 च्या फेब्रुवारीत केशवनगर-मुंढवा भागात नदीवर उठलेल्या कीटकांच्या खांबांचे व्हिडिओ देशभर फिरले, तो याच दिवसांतला प्रकार. (नदीकाठी असे थवे करणारे सगळेच कीटक चावरे नसतात. पुष्कळदा ती डासांसारखी दिसणारी, सोंड नसलेली चिलटं असतात. डोळ्यांत जातात, रक्त पीत नाहीत.)

आणि पंखा. डास फार दुबळा उडणारा आहे. तीन नंबरवरचा पंखा त्याला अंगावर उतरू देत नाही, शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पांगवतो, म्हणजे त्याला माग लागत नाही. थंडीत आपण पंखा बंद करतो, खिडक्या लावतो, रजई गळ्यापर्यंत ओढतो आणि फक्त तोंड उघडं ठेवतो. नाकातून श्वास निघणार, तिथेच तो येणार. कानाशी गुणगुण होते ती यामुळे. ‘थंडीत डास वाढले’ या तक्रारीतला बराच भाग पंखा बंद झाल्याचा आहे, असं माझं मत होत चाललंय.

पहिला रविवार: गच्ची आणि चेंबर

घरापासून सुरुवात करावीशी वाटते, पण थंडीत उलटं करा. बॅटरी, पक्कड, तार आणि जाळीचं कापड घेऊन थेट गच्चीवर जा.

गच्चीवर संडासाच्या पाइपची तोंडं असतात. त्यांना व्हेंट पाइप म्हणतात. मैला टाकीतला आणि पाइपमधला वायू बाहेर जावा म्हणून ती उघडी ठेवलेली असतात. त्यांवर प्लॅस्टिकची टोपी असते, पण उन्हाने तडकून दोन-चार वर्षांत ती गायब होते. डास इथूनच आत जाऊन अंडी घालतात आणि इथूनच नवी पिढी बाहेर येते. एक मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी देते आणि ती एकमेकांना चिकटून पाण्यावर काजळीच्या कणासारखी तरंगतात.

खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पारदर्शक पिशवीला आतून खायचं तेल पुसा, संध्याकाळी पाच वाजता पाइपच्या तोंडावर फुगीर राहील अशी बांधा आणि सकाळी सोडवा. एका रात्रीपुरतीच हं. आमच्या पहिल्या पिशवीत इतके डास चिकटले होते की ती कमिटीच्या बैठकीत टेबलावर ठेवल्यावर खर्चाचा ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. एरवी आमच्याकडे झाडूच्या खरेदीवर अर्धा तास चर्चा होते.

आता जाळी. मच्छरदाणीच्या नायलॉन कापडाचा दुहेरी तुकडा तोंडावर ताणून तारेने किंवा पाइपच्या क्लॅम्पने आवळा. सुतळी वापरू नका, एका पावसात कुजते. नायलॉन उन्हात वर्षभरात ठिसूळ होतं, म्हणून दर दिवाळीनंतर बदलायचं. स्टीलची बारीक जाळी मिळाली तर उत्तम, ती वर्षानुवर्षं टिकते. फडकं कोंबून किंवा झाकण घट्ट बसवून तोंड बंद करू नका. वायूला वाट हवीच. ती नसली तर फ्लश करताना नहाणीच्या जाळीखाली वास अडवायला उभं असलेलं पाणी ओढलं जातं आणि दुर्गंधी घरात येते.

खाली उतरलात की चेंबर. कंपाउंडमधली सगळी झाकणं एकदा मोजा. आमच्याकडे नकाशात अकरा होती, प्रत्यक्षात चौदा निघाली. दोन फुलझाडांच्या मातीखाली आणि एक पार्किंगच्या फरशीखाली. प्रत्येक झाकणाला तीन ठिकाणी बघा: कडेची फट, उचलायच्या हुकाचं भोक आणि तडा. फट सिमेंटने भरली तर पुढच्या सफाईला फोडावी लागते, त्यामुळे कडेला ग्रीस किंवा चुन्याचा पातळ लेप द्यावा. हुकाच्या भोकात जाड रबराचा बूच बसवावा. तडकलेलं झाकण बदलण्याला पर्याय नाही.

चेंबरमध्ये पाणी थांबलेलं दिसलं तर जाळी आणि बूच ही मलमपट्टी समजा. पाइपचा उतार बिघडलाय किंवा पुढे काही तुंबलंय. वाहत्या पाण्यात अळी टिकत नाही, म्हणून प्लंबरला चेंबर ‘साफ कर’ एवढंच न सांगता ‘पाणी थांबतंय कुठे ते शोध’ असं सांगा. त्याची मजुरी दुप्पट झाली तरी वर्षभराच्या लिक्विडच्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडते.

मैला टाकीत कुणालाही उतरवू नका. तिथल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि वाचवायला गेलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणूस उतरवणं गुन्हा आहे. टाकी उपसायची तर सक्शन गाडी बोलवा. झाकण उघडल्यावर आत डोकं घालून काडी पेटवण्याचा उद्योगही करू नका.

टाकी जुनी, बंदिस्त आणि पाणी कायम साचलेली असेल तर आणखी एक उपाय आहे. थर्माकोलच्या साबुदाण्याएवढ्या दाण्यांचा बोटभर थर पाण्यावर पसरतात. अळीला श्वास घ्यायला पृष्ठभागावर नळी टेकवावी लागते. थर मध्ये आला की ती गुदमरते आणि मादीलाही अंडी घालायला पाणी सापडत नाही. झांजीबारमध्ये 1988 मध्ये एका गावाच्या शौचखड्ड्यांत हे करून हत्तीरोगाच्या डासांवर मोठा परिणाम मिळवला गेला. मात्र दाणे वाहून नदीत जातील अशा, ओसंडणाऱ्या टाकीत ते टाकू नका. डास गेले नि प्लॅस्टिक आलं, असं व्हायचं.

लिफ्टचा खड्डा हे आणखी एक विसरलेलं ठिकाण. पावसाळ्यात झिरपलेलं पाणी तिथे मार्चपर्यंत असतं. लिफ्टचा मेकॅनिक महिन्याच्या फेरीला येईल तेव्हा त्यालाच लिफ्ट बंद करून खड्ड्यात बॅटरी मारायला सांगा, आपण स्वतः उतरू नये. बेसमेंट पार्किंगमधली नाली, पाणी मीटरचा खड्डा आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर क्युरिंगचं (नव्या काँक्रीटवर मारायचं) पाणी, हेही त्याच फेरीत.

घरातली फेरी

थंडीत घरातलं सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे न वापरातलं बाथरूम. नहाणीच्या जाळीखाली ट्रॅप असतो आणि त्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं. ते पाणी म्हणजे तुम्ही आणि गटार यांच्यामधला दरवाजा. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही की थंडीतल्या कोरड्या हवेत ते पाणी उडून जातं आणि चेंबरमधले डास सरळ वर येतात. दर रविवारी प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये आणि न वापरातल्या कमोडमध्ये एक मोठा मग पाणी ओता. महिनाभर गावी जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, बाष्पीभवन मंदावतं. कमोडचं झाकण खाली.

स्वयंपाकघरातल्या सिंकखाली वाकून बघा. सिंकचा लवचीक पाइप जमिनीतल्या पाइपात नुसता सोडलेला असतो आणि भोवती अंगठा जाईल एवढी फट असते. पाच-दहा रुपयांचा रबरी वॉशर तिथे बसतो. वॉशिंग मशीनच्या पाइपलाही तसाच. माझ्या माहितीतल्या निम्म्या घरांत ‘खिडक्यांना जाळ्या आहेत तरी डास येतात कुठून’ या प्रश्नाचं उत्तर सिंकखाली सापडलं.

एडिसचे अड्डेही याच फेरीत उरकून टाका. थंडीत तो कमी होतो, संपत नाही. मनी प्लँटच्या बाटल्या, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, पाणी जपून वापरावं लागतं त्या घरांतली पिंपं. विदर्भात आणि मराठवाड्यात कूलर. उन्हाळा संपला की तो गॅलरीत ढकलला जातो आणि तळाशी पाणी तसंच राहतं. कूलरचं पाणी नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, पुढच्या पावसाळ्यात पाणी लागलं की फुटतात. म्हणून टाकी काथ्याने घासायची, पुसायची, उन्हात ठेवायची. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं, त्यामागचं गणित अळीच्या वाढीचं आहे. आठवड्याला एकदा पाणी मोडलं की कुठलीच अळी डास होईपर्यंत पोचत नाही.

साडेपाचचा भोंगा

डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. क्युलेक्स दिवसभर अंधाऱ्या जागी झोपतो आणि नेमका तिन्हीसांजेला निघतो. पूर्वी दिवेलागणीला घराची दारं-खिडक्या लावून धूप फिरवायचे. धुपाचं सोडा, दारं लावायची वेळ मात्र अचूक होती.

आमच्या घरात साडेपाचचा गजर आहे. गॅलरीचं दार, बाथरूमची झडप, स्वयंपाकघराची खिडकी बंद. साडेसात-आठला हवं तर उघडा. आणि ही वेळ सगळ्यांनी पाळली पाहिजे. आमच्याकडे सूनबाईंनी एक दिवस ऑफिसचा फोन घेत गॅलरीत फेऱ्या मारल्या, दार उघडंच. त्या रात्री रॅकेटचा चटचटाट पहाटेपर्यंत.

खिडकीची जाळी इंचात सोळा-अठरा भोकं बसतील अशी हवी. त्याहून बारीक घेतली तर वारा अडतो, जाड घेतली तर चिलटं येतात. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत तीन छुपे रस्ते असतात: जाळीचं दार आणि काच यांच्यामधली उभी फट (तिथे लोकरीसारखी ब्रश-पट्टी चिकटवतात, ती झिजलेली असते), खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं आणि काच अर्धवट उघडी ठेवल्यामुळे पडणारं अंतर. जाळी वापरताना काच एका टोकाला पूर्ण सरकवा, अधेमधे थांबवली की फट उघडते. भोकांवर जाळीचा छोटा तुकडा चिकटवा, बुजवू नका, पावसात पाणी आत येईल. दाराखाली रबरी पट्टी, एसीच्या पाइपभोवती पुट्टी. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आत आलेल्यांचं काय

सकाळी. रात्री रॅकेट घेऊन नाचण्यापेक्षा सकाळी सहा-साडेसहाला बॅटरी घेऊन भिंती बघा. रक्त प्यालेली मादी जड होते, लांब उडत नाही, पलंगाजवळच्या भिंतीवर पडून असते. (चावते ती मादीच, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून. नर फुलांच्या रसावर जगतो.) गारव्याने ती आणखी मंद झालेली असते. पडद्यांच्या घड्या, दारामागे टांगलेले कपडे, पलंगाखालचा अंधार, चपलांचं कपाट ही दिवसाची बसायची ठिकाणं. पडदे रोज झटका आणि दारामागचा तो कपड्यांचा डोंगर कमी करा. काळ्या स्वेटरवर तर हमखास असतात. रॅकेट गॅसजवळ नको आणि फवारा मारल्यावर लगेच तर नकोच, ठिणगी पडते.

झोपताना पंखा एक नंबरवर ठेवा आणि तोंड त्याच्याकडे न करता पायाकडून वारा येऊ द्या. टेबल फॅन असेल तर भिंतीकडे वळवून. थंडी वाजते म्हणाल तर एक पांघरूण वाढवा. आमच्याकडे हा तह झालाय.

आणि मच्छरदाणी. तिला म्हाताऱ्या माणसांची चीज समजून लोकांनी अडगळीत टाकली, पण थंडीत तिच्याइतकं दुसरं काही चालत नाही: धूर नाही, वास नाही, वीज नाही, आणि आत थोडी ऊबही राहते. बांधताना कडा गादीखाली खोचा. जमिनीपर्यंत लोंबकळत सोडलेली मच्छरदाणी म्हणजे डासांसाठी पिंजरा, आपल्यासह. झोपेत हात किंवा गुडघा जाळीला टेकला तर डास बाहेरूनही चावतो, म्हणून ऐसपैस घ्या. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात सरकार औषध मुरवलेल्या मच्छरदाण्या वाटतं. त्या कडक उन्हात वाळवू नयेत आणि उगीच वारंवार धुऊ नयेत, औषध उतरतं.

कॉइल, लिक्विड, मलम

कॉइल थंडीत लावू नका. बंद खोलीत तर नाहीच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. उन्हाळ्यात खिडकी उघडी असते तरी, थंडीत तो सगळा धूर आपल्याच फुफ्फुसात.

लिक्विड मशीन त्यामानाने बरं, पण वापरायची रीत वेगळी आहे. साडेपाचला, खिडक्या लावायच्या आधी, डास येण्याच्या वाटेजवळच्या प्लगला लावा. उशाशी नको. झोपताना एखादी खिडकी जाळीसकट थोडी उघडी असावी. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर त्या खोलीत न लावता मच्छरदाणी. माशांची काचपेटी असेल तर तीही दुसऱ्या खोलीत, या औषधांच्या कुळातली रसायनं माशांना घातक असतात. अनेक ठिकाणच्या क्युलेक्सने या औषधांना दाद देणं कमी केलंय, त्यामुळे बाटली बदलून उपयोग नसेल तर दोष तुमच्या मशीनचा नाही.

बाजारात ‘डास पळवणारी अगरबत्ती’ मिळते, स्वस्त आणि भलतीच परिणामकारक. तिच्यापासून सांभाळा. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे आणि घरगुती डासनाशकाच्या पाकिटावर नोंदणी क्रमांक व औषधाचं नाव छापलेलं असावं लागतं. ते नसेल तर आत काय जळतंय हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

मलम लावायचं तर उघड्या भागावरच, घोटे आणि हात विसरू नका. आधी थंडीची क्रीम, ती जिरली की वरून मलम. मुलांच्या तळहातांना लावू नये, हात तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईईटी (डासांच्या मलमात असणारं रसायन) असलेलं काहीही नाही, त्याला जाळी. कडुनिंबाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल काम करतं, पण थोडा वेळ, पुन्हा पुन्हा लावायची तयारी हवी.

‘डास पळवणारा आवाज’ काढणारी यंत्रं घेऊ नका. 2007 मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात डास चावण्याचं प्रमाण कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. निळ्या दिव्याचं यंत्र पतंग मारतं, डास क्वचित. आणि गॅलरीत गवती चहाची कुंडी ठेवून डास जात नाहीत. पान चुरडून अंगाला चोळलं तर थोडा वास लागतो इतकंच. कुंडीखालच्या ताटलीत मात्र एडिस सुखाने नांदतो.

धुराची गाडी

गल्लीत धुराची गाडी आली की लोकांना समाधान वाटतं. त्या धुराने त्या क्षणी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही, आणि मैला टाकीच्या आतल्या डासांपर्यंत तो पोचतही नाही. आठवड्याने मैदान पुन्हा भरतं. म्हणून क्षेत्रीय कार्यालयाच्या कीटक प्रतिबंध विभागाकडे अर्ज करताना ‘धुरळणी करा’ लिहू नका. ‘अमुक गटारात, तमुक नाल्यात अळ्या आहेत, अळीनाशक फवारणी आणि गाळ काढणं हवं’ असं लिहा. सोबत अळ्यांचा फोटो, जागेचा पत्ता, तारीख. पांढऱ्या वाटीत ते पाणी घेतलं की अळ्या स्पष्ट दिसतात: क्युलेक्सची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबते आणि सावली पडली की वळवळत तळाशी जाते. अर्ज सोसायटीच्या शिक्क्यावर द्या आणि पोच घ्या.

गटाराकडेला टाकलेल्या पांढऱ्या पावडरीने अळ्या मरतील या भरवशावरही राहू नका. अळीनाशक वेगळं असतं. त्यातलं बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध अळीने खाल्ल्यावर काम करतं. कोष झालेला डास खातच नाही, म्हणून त्यावर ते चालत नाही. एका फवारणीने भागत नाही ते यामुळे. सोसायटीच्या शोभेच्या हौदात किंवा वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडता येतात, बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभागाकडून मिळतात. नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

नदी आणि जलपर्णीचं काय, हा प्रश्न आमच्या प्रत्येक बैठकीत निघतो. जलपर्णी प्रवाह अडवते, अळ्यांना सावली आणि आडोसा देते आणि मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर तिच्या मुळांत नळी खुपसून श्वास घेतात. ती आपण सोसायटीवाले काढू शकत नाही. जानेवारीच्या आत, पसरण्याआधी काढायची मागणी करू शकतो. मार्चमध्ये मागणी केली तर डास उडून गेलेले असतात.

गावाकडे

खेड्यात मैला टाकीच्या जोडीला घरामागचं सांडपाण्याचं डबकं असतं. तिथे शोषखड्डा हाच उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव घरोघर शोषखड्डे करून डासमुक्त झालं म्हणून गाजलं आणि नंतर तो नमुना इतरत्र गेला. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती खाली मोठे दगड आणि वर बारीक खडी. मोरीचं पाणी टाकीत येतं, गाळ तिथे बसतो, पाणी दगडांतून जमिनीत मुरतं. वरून झाकण घट्ट. टाकीतला गाळ अधूनमधून काढावा लागतो, नाहीतर भोकं बुजून पुन्हा डबकं. काळ्या चिकट मातीत पाणी सावकाश मुरतं, तिथे खड्डा मोठा घ्या. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून लांब.

ताप आला तर

क्युलेक्स डेंग्यू देत नाही, पण हत्तीरोग देतो. विदर्भासह राज्याच्या काही जिल्ह्यांत तो अजून आहे. त्याचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा रक्त घ्यायला दार ठोठावतात. त्यांना परत पाठवू नका. आणि वर्षातून एकदा वाटलेल्या गोळ्या त्यांच्यासमोर, काहीतरी खाऊन घ्या.

थंडी वाजून ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगावर पुरळ असं काही असेल तर ‘हवा बदलली’ म्हणून चार दिवस काढू नका. मलेरिया आणि डेंग्यू दोन्हीची रक्ततपासणी करा. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, कारण डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, त्याला चावलेला डास घरातल्या दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून.

आमच्या गच्चीवर आता सहा जाळ्या आहेत. मागच्या फेब्रुवारीत एकीवर गांधीलमाशीने घर केलं होतं आणि दुसरी पतंगाच्या मांज्याने फाटली होती. संक्रांतीनंतरच्या रविवारी एक चक्कर मारून या, बरोबर तारेचा तुकडा असू द्या.